चार्टवरच्या दोन टिचक्या

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठीच वाचते. मागून हाक आली, पायातले घुंगरू वाजले... असलं काही वाचलं की माझा पहिला प्रश्न — साक्षीदार कोण होतं आणि नोंद कुठे आहे? नोकरीनेच ही खोड लावली. नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात माझं अर्धं आयुष्य गेलं. तेव्हा आज मीच इथे लिहायला बसलेय याचं माझं मलाच हसू येतंय. पण माझ्याकडे कागद आहे. म्हणून लिहिते.

आमचा कारखाना व्हॉल्व बनवायचा. समुद्रात तेलाच्या विहिरी असतात ना, त्यांच्या प्लॅटफॉर्मवर बसणारे, माणसाच्या कमरेएवढे व्हॉल्व. नाशिकचा आणि समुद्राचा संबंध काय, असं पाहुणे हमखास विचारायचे. आमच्या शॉपमधल्या, म्हणजे वर्कशॉपमधल्या, निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलेलाही नव्हता, पण खाऱ्या पाण्यात काय गंजतं आणि काय टिकतं हे त्यांना तोंडपाठ होतं.

टेस्टिंगला भोये होते. हरसूलकडचे, आयटीआय करून लागलेले, बोलायला अगदी कमी. तयार व्हॉल्वमध्ये दाब भरायचा आणि ठरलेला वेळ तसाच ठेवून तो टिकतो का पाहायचं, हे त्यांचं काम. या थांबण्याला आम्ही ‘होल्ड’ म्हणायचो. होल्ड चालू असताना टेस्टरने जागा सोडायची नाही, आणि नोंद घेणाऱ्यानेही नाही. नोंद घेणारी मी. टेस्टच्या खोलीला जाड काच होती, तिच्या अलीकडे दोन स्टुलं होती. पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास आम्ही तिथे नुसते बसायचो. आधी अवघडून गप्प असायचो. मग थोडं बोलायला लागलो. मग पुन्हा गप्प बसायला लागलो, पण आता त्यात अवघडलेपण नव्हतं... नव्वदच्या सुमारास आम्ही लग्न केलं. इंदिरानगरला माझ्या वडिलांनी वर्षभर अबोला धरला, मग निवळले. लग्नानंतरही मी त्यांना भोयेच म्हणायचे. सवय!

होल्डमध्ये दाब किती टिकला हे दाखवायला एक रेकॉर्डर असतो. त्यात ताटाएवढा गोल कागद हळूहळू फिरतो आणि शाईचं पेन त्यावर रेघ ओढतं. दाब टिकला तर रेघ सरळ वर्तुळात फिरते, गळती असली तर आतल्या बाजूला उतरते. पण हे पेन कधीकधी अडकतं. दाब थोडासा उतरलेला असतो, पेन मात्र जागचं हलत नाही. म्हणून भोये होल्ड संपायच्या थोडं आधी आत जाऊन रेकॉर्डरवर नखाने दोन टिचक्या मारायचे. “पेन झोपलंय का बघतो,” म्हणायचे. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक चार्टवर शेवटाकडे दोन बारीक दाते उठलेले असायचे. गिऱ्हाइकाकडून तपासणीला येणारे इन्स्पेक्टर लोक कटकट करायचे. मी तर घरी येऊनसुद्धा भांडायचे — “अहो, चार्ट स्वच्छ लागतो! प्रोसीजरमध्ये टिचकी आहे का कुठे?” ते नुसते हसायचे आणि ताट वाढायला घ्यायचे.

अठ्ठ्याण्णव साली कंपनीने ठरवलं, आता थेट समुद्राच्या तळाशी बसणारा व्हॉल्व करायचा. तोपर्यंत तो बाहेरच्या देशातून यायचा. एकदा खाली सोडला की वर्षानुवर्षं त्याला पाना लावायला कुणी जाणार नाही, म्हणजे गळती शून्य हवी. डिझाइनवाले ड्रॉइंग काढायचे आणि भोये टेस्ट घेऊन ते फेल करायचे. मग रात्रीच्या जेवणात गळती अडवणारं रबरी सील, रविवारी दाढी करताना सील. मी त्या व्हॉल्वला माझी सवत म्हणायचे. एकदा हट्टाने त्यांना डहाणूला नेलं, दोन दिवस जरा मोकळे होऊ म्हणून. या माणसाने काय करावं? पाण्यात बोट बुडवून चाटलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, “हे रबराला खाणार.” मी कपाळावर हात मारून घेतला. सासूबाईंना हरसूलला हे सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, “समुद्रात नळ? तिथं काय पाणी कमी हाय?”

दोन हजार साली, जानेवारीत, सकाळच्या शिफ्टला निघताना भोये बूट घालायला खाली बसले आणि उठलेच नाहीत. बेचाळीस वर्षांचे होते. तोवर व्हॉल्व चार वेळा फेल झाला होता.

महिन्याभराने मी कामावर गेले. घरी बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा ते बरं वाटलं. टेस्टिंगला आता रफिकभाई आले होते. चोख माणूस, दहा-बारा वर्षांचा अनुभव. टिचक्या वगैरे मारायचे नाहीत, जसं लिहिलंय तसं करायचे. होल्डला ते माझ्या शेजारी उभे राहायचे. तासभर होल्ड असला तरी दुसऱ्या स्टुलावर बसले नाहीत. मला भोयेंची आठवण घरी यायची त्याहून तिथे जास्त यायची. घरी निदान कामं असतात. होल्डमध्ये फक्त बसायचं असतं... आणि बसायला शेजारी माणूस नाही.

ऑगस्टमध्ये नव्या व्हॉल्वची पाचवी टेस्ट ठरली. मुंबईहून इन्स्पेक्टर येणार होते. या खेपेला पास झाला तर काम पुढे, नाहीतर प्रोजेक्ट बंद होईल असं वरून कळलं होतं. आमचे मॅनेजर कुलथे साहेब मला म्हणाले होते, “मॅडम, पास झाला की डेव्हलपमेंट रिपोर्टमध्ये भोयेंचं नाव पहिलं.” मला तेवढंच हवं होतं. त्या दिवशी मी चक्क देवापुढे दिवा लावून निघाले, जे मी एरवी करत नाही.

शनिवार, दुपारी अडीच. एरवीच्या पाण्याच्या टेस्टला आत जाता यायचं; ही गॅसची टेस्ट, त्यामुळे धोका जास्त. अशा वेळी आतल्या खोलीत कुणी थांबायचं नाही. रेकॉर्डरही आत व्हॉल्वजवळच. दाराला बाहेरून कुलूप, किल्ली रफिकभाईंच्या खिशात. काचेच्या अलीकडे आम्ही चौघं — साहेब, इन्स्पेक्टर, रफिकभाई आणि मी. होल्ड एक तासाचा.

आता तुम्हाला वाटेल, मला काहीतरी जाणवलं असेल. गार वाऱ्याची झुळूक, ओळखीचा वास... काहीही नाही! मी घड्याळाकडे पाहत बसले होते. काचेतून रेकॉर्डरची फक्त एक बाजू दिसत होती. आवाज आला असता तरी त्या काचेतून ऐकू आला नसता.

तास संपला. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा जागच्या जागी. इन्स्पेक्टरनी मान डोलावली आणि हात धुवायला गेले, साहेबांनी पेढे आणायला माणूस पाठवला. रफिकभाईंनी दाब सोडला, कुलूप काढलं, चार्ट आणून माझ्या हातात दिला.

रेघ सुरेख होती. पन्नासाव्या मिनिटाच्या आसपास दोन दाते होते. आणि तिथून पुढे रेघ दोऱ्याएवढी खाली आलेली होती, आणि आत आत उतरत गेली होती. एवढी बारीक घसरण गेजवर दिसत नाही, चार्टवरच दिसते. म्हणजे पन्नास मिनिटं पेन अडकून बसलं होतं. व्हॉल्व गळत होता.

“रफिकभाई, तुम्ही आत गेला होतात?”

“कैसे जाऊंगा मॅडम? तुमच्यासमोर तर उभा होतो.” त्यांनी खिशातून किल्ली काढून दाखवली. मग चार्टकडे पाहिलं आणि त्या दोन दात्यांवर बोट ठेवलं. भोयेंचे चार्ट त्यांनीही पाहिलेले होते. हळूच म्हणाले, “पेन हिल गया होगा. चालतं तेवढं.”

माझ्या मनात आलेला पहिला विचार सांगायला लाज वाटते. वाटलं, कागद फाइलमध्ये सरकवून टाकावा. सगळे खूश आहेत, सही व्हायची आहे, त्यांचं नाव लागणार आहे. आणि दुसरा विचार विचारसुद्धा नव्हता. गेले सात महिने ज्या माणसासाठी जीव तुटत होता, त्याच्या नखाची खूण माझ्या हातात होती. मी काय करायला हवं हे त्या खुणेतच होतं. मी चार्ट इन्स्पेक्टरच्या पुढे ठेवला.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“टिचकी आहे. पेन अडकलं होतं, ते सुटलं.”

“कुणी मारली?”

साहेबांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसत राहिले, आणि म्हणाले, “मॅडम, फेल लिहा.”

व्हॉल्व उघडला तेव्हा सीलच्या बैठकीवर केसाएवढा चरा सापडला. इन्स्पेक्टर माणूस भला. आमच्याच लोकांनी आपणहून फेल दाखवला, म्हणून त्यांनीच वर शब्द टाकला आणि अजून एक संधी मिळाली.

कारणं मी शोधली नाहीत असं समजू नका. शेजारच्या फोर्जिंग कारखान्याचा हातोडा हादरे देतो, पण त्यांची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. आमची क्रेन उभी होती. पेन आपोआप सुटलं म्हणावं, तर ते एक झटका देऊन सुटतं, दोन नाही. मी रेकॉर्ड रूममधून भोयेंचे जुने चार्ट काढले आणि हा चार्ट त्यांच्यावर ठेवून खिडकीच्या काचेवर धरला. दोन दात्यांमधलं अंतर तेच निघालं. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हाही नव्हतं, आजही नाही. त्या चार्टची झेरॉक्स माझ्या कपाटात आहे.

डिसेंबरमध्ये व्हॉल्व पास झाला. भोयेंचं नाव रिपोर्टमध्ये पहिलं लागलं. शॉपमध्ये पेढे वाटले, कुणीतरी फटाकेसुद्धा लावले. मी चार्ट घेऊन भिंग लावून पाहिला. रेघ अगदी स्वच्छ होती, पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत. मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून रडले. लोकांना वाटलं, आनंदाने.

त्या संक्रांतीला हरसूलला गेले तेव्हा सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या नागली, म्हणजे नाचणी, निवडत होत्या. सूप तसंच हातात धरून म्हणाल्या, “बिघडलेलं दिसलं म्हून आला त्यो. ती सवयच व्हती त्याची. आता धड झालं, आता नाय येनार.”

मी विचारलं, “आणि माझ्यासाठी?”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, “तू धड हायेस बाय. नोकरी करतेस, घर चालवतेस. तुझ्यासाठी कशाला यील?”

मी मान हलवली आणि त्यांच्या सुपातली नागली निवडायला घेतली. मी धड नाही, हे त्यांना सांगायचं मला धाडस झालं नाही.