वरचा कप्पा, खालचा कप्पा

बाजारात तिला सगळे फौजदार म्हणत. खाकी तिच्या अंगाला कधी लागली नाही, पण जिभेवर जन्मतःच चढलेली. नवरा तिच्या तोंडाला कंटाळून निघून गेला, असं शेजारचा बेल्टवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. ती ऐकायची आणि तिकडून ओरडायची, "निघून कसला जातोय तो! हाकललाय मी त्याला. स्वतःहून दोन पावलं टाकणारा असता तर ठेवून नसता का घेतला?"

धंदा बुटांचा. नकली बुटांचा, आणि हे ती कुणापासून लपवत नसे. कडेला नामांकित कंपनीचं चिन्ह, पण कंपनीच्या बापालाही ठाऊक नाही असा माल. त्यातही तऱ्हा दोन. खालच्या कप्प्यात लोकल. चिन्ह जरा तिरकं, रंग भडक, शिवण जाडीभरडी, पण रबराचा सोल चांगला टाके मारून बसवलेला. वरच्या कप्प्यात फर्स्ट कॉपी. चिन्ह रेषेवर रेष, डबा तसाच, आतला कागदसुद्धा तसाच चुरचुरणारा. किंमत तिप्पट.

आता गिऱ्हाइकाला वाटतं, तिप्पट पैसे म्हणजे माल तिप्पट टिकणार. इथंच सगळे तोंडावर आपटतात. ते पैसे हुबेहूब दिसण्याचे. फर्स्ट कॉपीचा सगळा जीव तोंडावळ्यात, खाली सोल म्हणजे नुसता फेस, तोही गोंदाच्या भरवशावर. कोरड्या फरशीवर मिरवा, खुशाल मिरवा. दिवसभर उभं राहायचं असेल, ओल्यातून जायचं असेल, तर महिन्याभरात बूट आ वासून तुमच्याकडंच बघतो.

फौजदार हे प्रत्येकाला शिरा ताणून सांगायची. आधी विचारायची, "काम काय करतोस?" मग कप्पा दाखवायची. वाढपी, वॉचमन, दवाखान्यातल्या आया, गाड्या पुसणारे, हे सगळे खालच्या कप्प्याचे धनी. कुणी हट्टानं वर बोट दाखवलंच तर विचारायची, "पाय तुझेच आहेत ना? का भाड्यानं आणलेत?"

धाकट्या भावाला हे बघवत नसे. तो तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. फुटपाथवर ताडपत्री टाकून बूट विकत होती, तेव्हा त्याला रिकाम्या खोक्यात निजवून गिऱ्हाईक करायची ती. आता त्याला मिशी फुटली होती आणि तिच्याबरोबर अक्कलही.

"ताई, खालच्या कप्प्यात सुटतं काय? नुसती जागा अडते. वर सगळं काच-दिवे करू. आणि तू तर वर चढलेलं गिऱ्हाईक पाय धरून खाली ओढतेस. असला दुकानदार बघितलायस का कुठं?"

"बघून घे की. समोर उभी आहे."

मग तिची दाढ ठणकायला लागली. धाकट्यानं स्वतः फोन करून डॉक्टरकडं नंबर लावला, तारीखही त्यानंच ठरवली. भावाला किती कळवळा, म्हणून त्या सकाळी बेल्टवाल्यापाशी ती त्याचं कौतुकसुद्धा करून गेली. डॉक्टरनं दाढ उपटली, गालात कापसाचा बोळा कोंबला आणि सांगितलं, "बोळा घट्ट दाबून धरायचा. तासभर अक्षर बोलायचं नाही." फौजदारला बोलू नको म्हणणं म्हणजे उकळत्या पातेल्यावर झाकण धरून त्यावर बसणं. तरी बसली. तशीच सुजल्या गालानं दुकानात आली.

खालचा कप्पा रिकामा! दारापाशी तीन पोती, तोंडं सुतळीनं आवळलेली. एका पोत्यातून लोकलची टाच बाहेर आली होती.

"ठोकवाला येतोय संध्याकाळी," धाकटा मान वर न करता म्हणाला. "सगळा लॉट देऊन टाकला. आता बोलू नकोस हं, डॉक्टरनं सांगितलंय ना."

तिला तारखेचा कळवळा तिथं कळला. तळपायाची आग मस्तकात गेली आणि मस्तकातली उतरून दाढेच्या खड्ड्यात.

बाकावर तिचं जुनं गिऱ्हाईक बसलं होतं. पलीकडच्या काचेच्या इमारतीतला वॉचमन. दिवसभर दारात उभा राहायचा, कायम लोकल न्यायचा. धाकट्यानं त्याच्या हातात फर्स्ट कॉपी दिली होती.

"सारखे लोकल काय घेता दादा? एकदाच भारी घ्या. वर्षभर हलणार नाही."

फौजदारनं हात नाचवले, मान जोरजोरात हलवली, "हं! हंऽ!" केलं.

"बघा," धाकटा म्हणाला, "ताई पण म्हणतेय, घ्या."

झालं. तिनं वॉचमनच्या हातातला बूट हिसकावला. चवडा आणि टाच धरून दुमडला, फटीत अंगठ्याचं नख घातलं आणि जोर लावला. चर्रर्र! एका हातात सोल, दुसऱ्या हातात बूट.

"ताई! फर्स्ट कॉपी आहे ती!"

तिनं बोळा डब्याच्या झाकणात थुंकला.

"वर्षभर हलणार नाही? हा घे! हा हललाय का? हा घर सोडून गेलाय!"

"रक्त येतंय तुझ्या तोंडातून—"

"माझंच येतंय यात समाधान मान! दाढ काढायला धाडलंस होय मला? माझं तोंड बंद करून माल विकतोस? ज्या खोक्यात वाढलास त्या खोक्यातच तुला बांधून ठोकवाल्याला दिला पाहिजे होता!"

रस्त्यावरचे चार जण दारात थांबले. वॉचमन बाकावरून अर्धवट उठला.

"मावशी, मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"हा टिकत नाही ते. तुम्हीच शंभरदा सांगितलंय. तरी मला हाच पाहिजे."

फौजदारनं हातातला सोल बाकावर आपटला.

"नवीन साहेब आलाय," वॉचमन म्हणाला. "त्यानं सगळ्यांसमोर माझ्या बुटावरचं चिन्ह दाखवलं. म्हणाला, बघा, वॉचमनची कंपनी तिरकी पळतेय. सगळे हसले. आता आत जाणारा जो तो आधी माझ्या पायाकडं बघतो."

"मग बिनचिन्हाचे काळे घाल की."

"घातले. तर म्हणाला, काय रे, विकलीस का कंपनी?"

दारातला एक जण फिस्सकन हसला. फौजदारनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं हसू गिळलं.

"बघ," धाकटा हळूच म्हणाला. "गिऱ्हाइकालाच पाहिजे."

हे तिला दाढेपेक्षा जास्त लागलं. राग तर अंगात मावत नव्हता, पण काढायचा कुणावर? साहेब तावडीत नव्हता. वॉचमनवर काढावा, तर ते तिरकं चिन्ह तिनंच त्याच्या पायात घातलेलं. टिकतंय ना, मग दिसण्याला काय चाटायचंय, असं म्हणून. दिवसभर दारात उभं राहणाऱ्याच्या पायांकडं सगळं जग बघतं, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. स्वतःचाच राग आला, तेव्हा तर ती आणखीच तापली.

तिनं वरून दुसरा जोड काढला आणि वॉचमनच्या मांडीवर आदळला.

"घे. पाय तुझे, लाजही तुझी. पण टिकतोय म्हणून घेऊ नकोस, दिसतोय म्हणून घे. आणि त्या साहेबाला सांग, एकदा इकडं ये म्हणावं. त्याचं मापच काढते."

वॉचमन खाली मान घालून बूट चढवू लागला. ती धाकट्याकडं वळली.

"त्याला पाहिजे म्हणून तू खरा ठरलास असं समजू नकोस. त्याला ठाऊक होतं म्हणून वाचलास. नाहीतर आणखी एकाला बुडवलं होतंस. आपल्या मालात खोटं आहेच, बाळा. ते झाकायला तोंडानं पण खोटं बोलायचं असेल तर आजपासून तुझी चूल वेगळी, दुकान वेगळं."

तिनं सुतळी दातांनी तोडायला घेतली, दाढेनं कळ मारली, तशी शिवी हासडून कात्री ओढली. तिन्ही पोती फरशीवर उपडी केली आणि लोकल जोड खालच्या कप्प्यात भिरकावायला लागली.

"ठोकवाल्याला शब्द दिलाय मी!"

"तुझा शब्द ना? मग तुझा कप्पा दे त्याला."

वॉचमन पैसे ठेवून रस्त्यावर उतरला. सरळ चालत होता, पण खाली बघत, पाय दुसऱ्याचे असल्यासारखा. फौजदार दारात गेली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "ओल्यात घालू नकोस! सोल सुटला तर गोंद थापत बसू नकोस, इकडं आण! टाके मारून देते, वरून ओरखडा दिसणार नाही असे!"

दारातल्या घोळक्यात दवाखान्यातली एक आया होती. एव्हाना ती आत येऊन फर्स्ट कॉपीचा डबा हातात घेऊन उभी होती. तिनं धाकट्याला विचारलं, "सोल सुटतो का हो याचा?"

धाकट्यानं तोंड उघडलं. बहिणीकडं बघितलं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती, एक शब्द बोलत नव्हती.

"सुटतो," तो म्हणाला. डबा त्यानं आयाच्या हातातून घेतला आणि वरच्या कप्प्यात इतक्या जोरानं आदळला की शेजारचे दोन डबे खाली पडले. फौजदारनं ते उचलले नाहीत.