पप्पांची जीन्स

आल्यापासून पप्पांची बॅग दाराशेजारीच उभी होती. टॉवेल काढायचा, तोंड पुसायचं, ओलाच घडी करून परत आत ठेवायचा आणि चेन बंद. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला गाडी चुकायची धास्ती असते, मान्य. पण मी काय इथे डेपो चालवते? अंबरनाथजवळच्या खरवईतला हा फ्लॅट मी माझ्या पगारावर घेतला आणि आई-पप्पा पहिल्यांदाच राहायला आले होते. मला ते निदान आठवडाभर तरी हवे होते. पप्पांनी मात्र उंबऱ्यातच जाहीर केलं होतं, "दोन रात्री, बास." उद्या सकाळची गाडी ठरलेली.

"राहा ना अजून," मी चहा देताना म्हटलं.

"घरी कोंबड्या आहेत."

कोंबड्या शेजारच्या काकूंकडे मजेत आहेत, हे आईनं त्यांच्या पाठीमागून हातवारे करून मला सांगितलं. मग मीही हट्टाला पेटले. माझ्या आनंदनगरच्या कंपनीत फोन करून सुट्टी घेतली आणि दोघांना रिक्षात बसवलं.

आधी अंबरनाथचं जुनं शिवमंदिर. आम्ही हात जोडणाऱ्यांतले नाही, पण कोरीवकाम बघायला आईला फार आवडतं. दारात गर्दी तुंबली होती. पप्पांना राहवलं नाही. "मधे थांबू नका, पुढे सरकून घ्या," त्यांनी खणखणीत आवाज दिला आणि लोक खरंच सरकले. एक बाई तर "सॉरी हां" म्हणाली. आई तोंडात पदर कोंबून हसायला लागली. तिचं बघून मी हसले, आणि मग आमचं काही खरं राहिलं नाही. दगडातली सुंदर बाई दिसली तरी हसू, माकड दिसलं तरी हसू.

उल्हासनगरला गाडीवर दाल-पकवान खाल्लं. पुरीसारखं कडक पकवान मोडताना आईनं इतका जोर लावला की अर्धं पप्पांच्या मिशीत गेलं. त्यांनी ते शांतपणे काढून खाल्लं.

तिथून पुढे जीन्सची दुकानं. मला माझ्यासाठी घ्यायची होती. दुकानदार पप्पांना म्हणाला, "अंकल, आप ट्राय करो ना. पहनने का पैसा थोडी लगता है." पप्पा, ज्यांना मी खाकी आणि पांढऱ्या लेंग्याशिवाय कशात पाहिलं नव्हतं, चक्क पडद्याआड गेले. बाहेर आले ते पाय फाकवून, चिखलातून चालल्यासारखे. पायाखाली वीतभर कापड लोळत होतं. आई जीन्सच्या गठ्ठ्यावर बसली ती उठेचना.

"कशी दिसते?" पप्पांनी विचारलं.

"कॉलेजला जाताय का?" आई कशीबशी म्हणाली.

पप्पा आरशात वळून वळून बघत होते. त्यांना ती आवडली होती, आणि मला त्यांची एवढी माया आली की मी ती लगेच घेऊन टाकली.

लांबी कमी करायला बाहेर अल्टरवाला मशीन घेऊन बसला होता. त्याने पप्पांचं माप घेतलं, खडूने खूण केली. "दस मिनट बैठो अंकल, अभी देता हूं."

दहा मिनिटांत जीन्स, मग घर, मग ती बॅग. हसता हसता दिवस संपला होता.

पप्पांनी घड्याळात बघितलं. मग आईकडे बघितलं. ती अजूनही डोळे पुसत होती.

"नको, घाई नको," ते आपल्या एसटीतल्या हिंदीत म्हणाले, "आरामसे करो. हम परसों आके लेके जाएगा."

आईचं हसू थांबलं. "आणि कोंबड्या?"

"काकू बघतील की."

अल्टरवाल्याला काही कळेना. "अरे अंकल, दस मिनट का ही काम है."

"मालूम है," पप्पा म्हणाले आणि रिक्षा बघायला पुढे निघाले.