नवरीचा मामा गुऱ्हाळावर

आमच्या घरात फोनमधल्या नकाशाला कोणी चांगलं म्हणत नाही. रुपालीच्या लग्नापासून तर त्यातल्या बोलणाऱ्या बाईला सगळे 'ती बया' म्हणतात. त्या दिवशी खरं काय झालं ते फक्त मला आणि त्या बयेला माहीत आहे. ती सांगणार नाही, म्हणून मी वहीत लिहून ठेवते.

रुपाली माझ्या नणंदेची, म्हणजे वन्संची मुलगी. लग्न नवरदेवाच्या गावी, राधानगरीकडं, नव्या मंगल कार्यालयात होतं. अक्षता बारा पस्तीसच्या. नवरीला हाताला धरून स्टेजवर आणायचा मान मामाचा, आणि आमचे हे तिचे एकुलते सख्खे मामा. वन्संनी आदल्या दिवशीच फोनवर बजावलं होतं, "दादा, येळंत ये बाबा. न्हाईतर दत्तू हायच फेटा बांधून."

दत्तू म्हणजे यांचा चुलतभाऊ. विहिरीच्या मोटारीवरून दोघांत आठ वर्षं बोलणं नाही.

"दत्तूनं रुपीचा हात धरला तर त्या फोटोकडं मी जलमभर बघणार न्हाय," हे म्हणाले.

गाडी आमच्या सागरनं चालवली. तो शिरोलीला कारखान्यात मशीनवर असतो, त्यामुळं मशीन कधी खोटं बोलत नाही असं त्याचं मत आहे. वन्संच्या फोनवरून घरच्या ग्रुपवर लोकेशन आलं होतं. सागरनं ते लावलं आणि बया बोलू लागली. दोनशे मीटरवर डावीकडे वळा. आम्ही वळलो. (तीस वर्षं मी या घरात बोलते आहे. माझ्या सांगण्यावरून अजून कोणी डावीकडं वळलेलं नाही.)

डांबरी रस्ता संपून मुरमाचा लागला तेव्हा मी हळूच म्हटलं, "कार्यालय हिकडं न्हवतं की."

"आई, गप बस. ती वरनं उपग्रहातनं बघती."

उपग्रहापुढं चौथी शिकलेल्या बाईनं काय बोलायचं?

मग दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. पाती काचेला घासत होती. पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, आणि बैल बरा असा त्याचा वेग. (नकाशावाल्यांना सांगावंसं वाटतं, हायवेवरची गर्दी तुम्ही लाल रंगानं दाखवता तसा तोडीच्या दिवसांत हा ट्रॅक्टरही दाखवा. नाहीतर बयेनं सरळ म्हणावं, पुढं ऊस हाय, च्या पिऊन या.)

ट्रॅक्टर थांबला. आम्हीही थांबलो. "आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात," बया म्हणाली.

समोर गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस उकळत होता, चिपाडांचा डोंगर पडला होता, आणि आमच्याच पाहुण्यांच्या दोन जीपमधली माणसं आहेर काखेत धरून उसाचा रस पीत होती.

गुऱ्हाळवाला पुढं आला. "या पावणं. लग्नाचंच न्हवं? सकाळधरनं ही तिसरी गाडी. रस घ्या."

"आवो, कार्यालय कुठाय?"

"त्ये काय, वड्याच्या पल्याड. दिसतंय की. पर गाडी न्ह्यायची तर माघारी फिरून पुलावरनं. अर्धा तास."

घड्याळात बारा दहा झाले होते. माघारी बघितलं तर मागं उसाचा दुसरा ट्रॅक्टर येऊन उभा.

हे बयेला नको नको ते बोलू लागले. तेवढ्यात माझं लक्ष पेरूच्या झाडाकडं गेलं, आणि मी ते झाड ओळखलं.

आठ दिवसांपूर्वी मी वन्संबरोबर कार्यालय बघायला आले होते. वन्सं आचाऱ्याशी भातावरून भांडत होत्या. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "वयनी, हितलं लोकेशन ग्रुपवर टाका." पण दारात मांडववाले दहा-बारा पुरुष उभे. त्यांच्यापुढं फोन खाजवत उभं राहायचं मला अवघड झालं. म्हणून मागच्या बांधानं ओढा ओलांडून मी गुऱ्हाळावर आले, या पेरूखाली बसले, गरम काकवी खाल्ली आणि निवांत बटण दाबलं. पाच मिनिटांची तर वाट, गाव एकच, एवढ्यानं काय होतंय, असं वाटलं होतं.

"आवो, त्ये लोकेशन..." मी सुरुवात केली.

"तू गप गं. हितं माजा मान चाललाय!"

मग पल्याडून कर्णा ऐकू आला. "नवरीचे मामा असतील तिथनं स्टेजजवळ यावं. न्हाईतर दत्तूमामांनी तयार ऱ्हावं."

यांचा चेहरा काहिलीतल्या फेसासारखा पांढरा झाला. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. "बांधावरनं वाट हाय. मला म्हाईत हाय."

कशी माहीत, हे कोणी विचारलं नाही. मी पुढं, हे मागं, सागर त्यांच्या मागं, आणि शेवटी आहेरवाले. ओढ्यात तिसऱ्या दगडावरून यांचा पाय घसरला. गुडघ्यापर्यंत चिखलात गेले, पण पुरातून लेकरू वाचवावं तसा फेटा डोक्यावर उंच धरला होता. नव्या चपलांतली एक ओढ्यानं ठेवून घेतली.

आम्ही आचाऱ्याच्या पातेल्यांमधून आत शिरलो. दत्तूनं हात पुढं केलाच होता. यांनी मधे घुसून रुपालीचा हात धरला.

"मामा, पायाला काय हो?" तिनं विचारलं.

"काय न्हाय गं. तुज्या सासरचं शिवार बघून आलो."

जेवताना सगळ्यांनी मिळून बयेचा उद्धार केला. दत्तूनं साधा बटणाचा फोन खिशातून काढून दाखवला. "आमी बाबा इचारत आलो. साडेधाला हितं हजर." वन्सं म्हणाल्या, "म्या तर कार्यालयातनंच टाकाय लावलेलं. व्हय का न्हाय, वयनी?" माझ्या तोंडात जिलेबी होती. मी मान हलवली.

नकाशात ओढा दाखवायला पाहिजे, असं सागरचं म्हणणं. माझी मागणी त्याहून साधी आहे. लोकेशन टाकताना बयेनं एकदाच विचारावं, "बाई, नक्की हितंच का?" मी तिथल्या तिथं लाजून माघारी गेले असते.

तेव्हापासून घरात माझं वजन वाढलंय. "फोनपेक्षा हीच बरी," हे सांगत असतात, "गप असती, पर वाट चुकत न्हाय."

परवा रुपाली आणि जावई जोतिबाला यायचे आहेत. दोन्हीकडच्या मंडळींचं जेवण डोंगरावरच ठेवलंय. काल मी आणि वन्सं जागा बघून आलो. "लोकेशन वयनीच टाकतील," वन्सं मोठ्या विश्वासानं म्हणाल्या.

मी टाकलंय. जागेसमोर माणसं फार होती, म्हणून जरा बाजूला जाऊन टाकलं.