वाळूवरची साय

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आणि माझ्या पोटात काही राहत नाही, हे पाथर्डीच्या बाजारात कुणीही सांगेल. मग एवढंच कसं राहिलं?

बहात्तरचा दुष्काळ. विहिरी आटलेल्या, गाव तळ्यातलं गढूळ पाणी प्यायचं. शाळेच्या गुरुजींनी वाळूची गाळणटाकी बांधायला काढली. वाळू माझीच जाणार — एका बैलगाडीवर वाळूचा धंदा उभा केलेला माणूस मी, दुसरं कोण देणार? गुरुजींनी माझी वाळू चिमटीत चोळली, जाडी आहे, घाण अडणार नाही म्हणाले, आणि भरली गाडी गावादेखत परत पाठवली. दोन दिवस घासाघीस केली. हलले नाहीत. वाळू आणली थेट प्रवरेकाठच्या कोल्हारहून!

टाकी चालली, तीही झकास. हळूहळू वाळूवर हिरवट, बुळबुळीत थर धरला. गुरुजी त्याला साय म्हणत.

"नाना, हिला हात लावू नका. हिच्यातले जंतू आपल्या बाजूचे. ते रोगाचे जंतू खातात."

"जंतू पाळले व्हय गुरुजी? मग धार बी काढा त्यांची."

चावडी हसली. गुरुजीही हसले — तेच मला जास्त झोंबलं.

पुढे गुरुजी दोन दिवसांसाठी नगरला गेले. भर दुपारी, गाव सावलीला आडवं झालेलं बघून, मी टाकीत उतरलो, साय खरवडली, वरची वाळू धुऊन पांढरीफेक केली. स्वच्छतेसाठी? छे. ती परत आलेली गाडी डोक्यात होती. तोटी दुप्पट धावू लागली, बायाबापड्या खूश.

चौथ्या दिवशी सगळं गाव तांब्या घेऊन पळत होतं. सगळ्यात पुढे मी. इथवर हसू येतं — पण शेजारची म्हातारी आठ दिवस दवाखान्यात होती. वाचली.

गुरुजी चावडीवर उभे राहिले. "चूक माझी. जाताना तोटी जास्त उघडी राहिली असेल, साय वाहून गेली."

तेव्हा मी बोलायचं होतं ना? बोललो की — सगळ्यांत मोठ्यानं. "लई शानपना झाला गुरुजी. आता शाळा बघा."

गावानं टाकीला कुलूप लावलं, राखण त्यांच्याकडून काढली आणि किल्ली माझ्या हातात दिली. साय पुन्हा धरेपर्यंत पाणी उकळून प्यायचं, हे मला त्यांनीच शिकवलं. पुढे मी त्या सायीला माशी बसू दिली नाही.

गुरुजींची बदली झाली. एसटीत चढताना म्हणाले, "नाना, मला जमलं नाही. साय तुम्ही सांभाळलीत."

मी म्हणालो, "व्हय."

आणि हो — माझी वाळू जाडीच होती.