शेजारच्या लेखकाची थाप

हिंगाची डबी उघडली की मला अजून धडकी भरते. साठ-एकसष्ट साल असेल, मी जर्मनीत कार्ल्सरूहेत इंजिनिअरिंग शिकत होतो. खोलीत स्वयंपाक केला तर त्याच दिवशी खोली सोडायची, असा घरमालकीणबाईंचा नियम, दुसरी खोली मिळायची नाही, आणि बाहेर गुडघाभर बर्फ. तरी एका दुपारी मी मोठ्या शौर्याने स्पिरिटच्या स्टोव्हवर वरणाला हिंगाची फोडणी दिली. लगेच दार वाजलं. पातेलं पलंगाखाली सरकवून दार उघडलं, तर बाई उभ्या आणि मागे शेजारच्या खोलीतला नॉर्वेजियन कादंबरीकार. "हा वास कसला?" मी खिडकी उघडायला गेलो. बाईंनी त्याला विचारलं, "तुम्ही सांगा, तुम्ही खोटं बोलत नाही." मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. कारण मच्छीमारांवरच्या कादंबरीचा शेवट गोड करा म्हणणाऱ्या प्रकाशकाला "घडत नाही ते मी लिहीत नाही" असं सुनावून हा गृहस्थ हस्तलिखित परत घेऊन आला होता. त्याने वाकून पलंगाखाली पाहिलं. मग म्हणाला, "माझे खारवलेले मासे नासलेत." बाई नाक दाबून खाली गेल्या. त्याने दार लावलं. "चला, खोटं बोलून झालं. आता खरं काय शिजलंय ते वाढ." त्याची पुस्तकं मला आजवर वाचता आलेली नाहीत, माझी इंजिनिअरची पदवी मात्र त्याच्या त्या एका काल्पनिक वाक्यावर उभी आहे.