त्या फोटोत वनिताचं घर नाही

दिंडोशीच्या कच्च्या रस्त्याचा माझा फोटो तुम्ही सगळ्यांनी इथे पाहिलाय. दरवर्षी मी तो टाकतो, दरवर्षी तुम्ही 'झकास' लिहिता. आज कृपा करून लिहू नका.

सकाळी वनिता घरी आली होती. त्याच रस्त्याकडेच्या पाड्यात ती वाढली. आता ती घरं पाडणार आहेत, आणि मोजणीवाले म्हणतात, ऐंशीच्या दशकात तिथे वस्तीच नव्हती. पुरावा दिला तरच बदली घर मिळेल.

मी मोठ्या हौसेने त्याच वर्षांतला माझा तो फोटो कपाटातून काढून दिला. तिने तो खिडकीपाशी नेला.

"ढग दिसतात, काका. रस्त्यातले खडेसुद्धा मोजता येतात. आमचं घर कुठंय?"

"आंब्याखालच्या काळोखात आहे गं."

"मग साहेबाला काळोख दाखवू?"

मला तेव्हा शाळेच्या पुस्तकातल्या कवितेसारखा रस्ता हवा होता. म्हणून ढगांच्या उजेडाला जुळेल असा शटरचा वेग लावला. सावलीतली घरं काळी पडणार हे मला ठाऊक होतं. पडू दिली.

"आई सांगायची," वनिता म्हणाली, "एका कॅमेरावाल्याने तिला हंड्यासकट रस्त्यातून बाजूला केलं होतं. ते तुम्हीच ना?"

मी हो म्हणालो. तिने फोटो टेबलावर पालथा टाकला आणि चहा न घेता निघून गेली.

त्या वर्षांत त्या रस्त्यावर तुमच्यापैकी कुणी फोटो काढलाय का? वाकडा, पुसट, दोरीवरच्या कपड्यांसकट असला तरी चालेल. त्यात घर दिसलं पाहिजे. माझा नुसताच सुंदर आहे.