वेळापत्रकाच्या पेटीतलं मोहोळ

सावळाराम लूमवर कामाला होता, पण लूमपेक्षा त्याची जीभच जास्त चालायची. गावाकडे आपण नुसत्या फुंकरीने मोहोळ उतरवतो, ही त्याची थाप अख्ख्या कामतघर वस्तीला पाठ होती. चौऱ्याहत्तर साली ती त्याच्याच अंगाशी आली.

एसटीच्या थांब्यावर वेळापत्रकाची लाकडी पेटी होती. वेळापत्रक कधीच गळून पडलेलं; आत सातेरी मधमाशांनी संसार थाटला. एकदोघांना डंख बसल्यावर ड्रायव्हर तिथे गाडी उभीच करीनात. इकडे सावळारामच्या बायकोला, पार्वतीला, सातवा लागलेला. उद्या ती माहेरी निघणार होती. तिला भर उन्हात मोठ्या स्टँडपर्यंत चालवायचं सावळारामच्या जिवावर आलं.

"घासलेट वत आन् काडी लाव," शेजारचा चिंधू म्हणाला.

पार्वती कडाडली, "खबरदार! माज्या पोटात पोर हाय. या दिसांत कुनाचं घर जाळायचं न्हाय. तुमी फुंकरीनं काढता ना? मंग काढा!"

झालं! सावळारामने मडकं घेतलं आणि धुरासाठी कारखान्यातलं टाकाऊ सूत पेटवलं. पण त्या सुताला मशीनचं तेल लागलेलं! धुराऐवजी भपकन जाळ झाला. माशा खवळल्या, आणि कानापासून मिशीपर्यंत त्याला भरपूर प्रसाद मिळाला. तरी गडी रडवेल्या तोंडाने शेणी पेटवून पुन्हा उभा राहिला, कारण कोपऱ्यावरून बायको बघत होती. दिवस मावळेपर्यंत मधाची पोळी मडक्यात उतरली. राणीमाशीमागोमाग बाकीच्या माशाही शिरल्या. मडक्याच्या तोंडाला त्याने मांजरपाटाचं फडकं बांधलं.

चाळीत ते मडकं कोण ठेवून घेणार? सकाळी पार्वतीने त्याला हळदकुंकू लावलं. "माज्याबरुबर येईल. बाबांच्या आंब्याखाली ऱ्हाईल."

गाडी आली. कंडक्टर दारातूनच ओरडला, "मोहोळ गेलं ना नक्की?"

"गेलं, गेलं!" म्हणत सावळारामने मडकं अलगद पार्वतीच्या हाती दिलं. हळदकुंकू बघून कंडक्टरला वाटलं, देवाचं काहीतरी आहे. त्याने हात जोडले आणि पुढची सीट रिकामी करून दिली.

गाडी दिसेनाशी झाली. काल ज्याच्यासाठी एवढा मार खाल्ला तो थांबा सावळारामला एकदम ओसाड वाटला, आणि सुजलेलं तोंड आता कुठे दुखायला लागलं.

"फुंकरीनंच काढलंस ना रं?" चिंधूने डिवचलं.

"न्हाय रं," सावळाराम म्हणाला, "बायकोच्या धाकानं."

त्याच्या तोंडून थापेशिवाय काही ऐकायची सवय नसलेला चिंधू बघतच राहिला.